पांढऱ्या कानाची पाडी

तांबू दावं तोडून गेली हे मला काशीकाकीने सांगितलं, आणि तेही हसत हसत.

"गो कुमदे, तुझी म्हायारची लाडकी पळाली गो! सगळो गाव पळान हयसर इलो, आणि ही पळान गावात गेली!"

मी पेजेचं भांडं चुलीवरून उतरवत होते. हातातलं फडकं तिथेच टाकून खोपीमागे धावले. खुंटाला दाव्याचा तुकडा लोंबत होता. ओल्या वाळूत खुरांचे ठसे होते. ते सरळ वहाळात उतरले होते आणि पलीकडच्या काठावरून वर, आमच्या गावाकडे गेले होते. तांबूचे दिवस भरले होते.

गावपळण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आंबेरखोलात दर तीन-चार वर्षांनी, भातं झोडून झाली की, रवळनाथाला कौल लावतात. देवाने होकार दिला की सगळा गाव घरदार सोडून वेशीबाहेर निघतो आणि वहाळापलीकडे झावळ्यांच्या खोपी बांधून राहतो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, मागे कोणी म्हणजे कोणी राहायचं नाही. गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. निघताना दार नुसतं ओढून घ्यायचं, कडी लावायची नाही. तीन दिवस झाले की पुन्हा कौल, आणि मग घरी. हे सगळं कशासाठी, असं विचारलं तर कोणी म्हणे भुतांसाठी, कोणी म्हणे देवाला गाव मोकळा हवा असतो. आमच्या घरात मात्र हा प्रश्न विचारायची सोय नव्हती, कारण माझे सासरेच गावकर. कौलाला पहिले उभे राहणारे तेच आणि नेम मोडला तर जाब विचारणारेही तेच.

लग्नाला चार वर्षं झाली होती, पण मागच्या खेपेला मी माहेरी असल्यामुळे ही माझी पहिलीच गावपळण. मला तर मजाच वाटत होती. उघड्यावर चुली, बायकांच्या फुगड्या, पोरांचा धुडगूस, जत्राच म्हणा. फक्त एक गोष्ट जरा विचित्र वाटली होती. आम्ही गाठोडी डोक्यावर घेऊन वहाळ उतरत होतो तेव्हा वरच्या डोंगराच्या धारेवर वानरं येऊन बसली होती. ओळीने बसली होती, आणि उड्या नाहीत, खोड्या नाहीत.

"पावणी येवक लागली बघ," काशीकाकी म्हणाली.

"पावणे कोण, ता उगाच बोला नको," मामांनू, म्हणजे माझे सासरे, खेकसले. ते एरवी काकीच्या कोणत्याच बोलण्याला उत्तर देत नसत.

आता तांबूचं काय ते सांगायला हवं. सासरी माझं म्हणावं असं काही नव्हतं. भांडी मेलेल्या सासूची, लुगडी नवऱ्याच्या पसंतीची. नावसुद्धा माझं नव्हतं. माहेरची मी शेवंती, इथे येऊन कुमुद झाले. मूलबाळ अजून नव्हतं आणि ते उठता-बसता ऐकवलं जायचं. माझी होती फक्त तांबू. बाबांनी लग्नानंतर धाडलेली, माझ्या हाताला सवकलेली. ती दोनदा व्याली आणि दोन्ही वेळा पाडे झाले. ते नांगराला गेले, घराचे झाले. मला पाडी हवी होती. पाडी म्हणजे मादी वासरू. पाडीला पाडी होते आणि एक वेल वाढत जातो. मामांनूंनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, "औंदा पाडी झाली तर ती कुमदेची. तिच्या पुढच्यार कोणाचो हक्क नाय." त्या पाडीची मी किती वाट बघत होते ते माझं मला माहीत. तिचं नावही मी ठरवून ठेवलं होतं, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मी नवऱ्याकडे गेले. रमाकांत मुंबईला छापखान्यात होते, मुद्दाम गावपळणीला म्हणून आले होते. आंब्याखाली पत्ते चालले होते.

"तांबू घराक गेली," मी म्हटलं. "ती व्येतली आज. चला."

"वेडी आहेस का?" ते म्हणाले. पोरांसमोर ते मुंबईचं बोलत. "उद्या जाऊच की घरी. गाय कुठे पळून जात नाही."

"वाघरू इला तर?"

"मग तू जाऊन काय करणार? वाघरासमोर पदर धरणार?"

पत्ते खेळणारे हसले. देवबिव सगळं थोतांड आहे, असं रोज सांगणारे माझे यजमान. पण वहाळाच्या पाण्याला पाय लावायला तयार नव्हते. मी तिथेच उभी राहिले तशी ते जरा वरमले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आणि जाऊन तरी काय? गोठा बंद आहे."

"बंद म्हणजे?"

त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या. नव्याकोऱ्या, पितळी. मुंबईहून दोन कुलपं आणली होती. त्यांच्या चाळीत चोऱ्या झाल्या होत्या म्हणे. सगळे निघाल्यावर विसरलेला तांब्या आणायच्या निमित्ताने ते परत फिरले होते, तेव्हा घर आणि गोठा दोन्ही बंद करून आले होते. आंबेरखोलात त्याआधी कोणी कुलूप पाहिलं असेल तर ते पोस्टाच्या पेटीला.

"मामांनूंका म्हायत आसा?"

"बाबांना सांगायचं काय त्यात? गावात कोण नाही म्हटल्यावर दार उघडं टाकायचं, हा कुठला शहाणपणा?"

मी किल्ल्या त्यांच्या हातातून घेतल्या. ओढल्याच म्हणा ना. आणि तशीच मामांनूंपुढे जाऊन उभी राहिले. ते देवाच्या काठीशेजारी सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं, गाईचं सांगितलं आणि कुलपाचंही. चार चौघं होती, लपवायचं कुठे? कुलूप म्हटल्यावर त्यांचा अडकित्ता थांबला. तोंडावरचा रंगच उतरला. मला वाटलं होतं चिडतील. ते चिडले नाहीत, घाबरले. एवढा मोठा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"दार बंद आसा," ते स्वतःशीच म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने बोलले, "माणसान गावात जावचा नाय. गाव करी तो नेम. माझ्या सुनेक वेगळो नेम नाय."

आणि उठून वहाळाकडे चालू लागले. जाताना माझ्या शेजारून गेले तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "मी तोंड धुवूक जातंय. तोंड धुताना माझे डोळे मिटलेले आसतत. ह्या पायवाटेन गेलंस तर कोणाच्या नदरेक पडूची नाय."

मी मागोमाग गेले. ते पाण्यात वाकले, ओंजळ भरली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोला नको. धावा नको. आणि कोणाक हाकलू नको."

"कोणाक, मामांनू?"

त्यांनी ओंजळ तोंडावर मारली. डोळे घट्ट मिटलेले.

ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. भीती वाटावी असं त्या वेळेत काही नव्हतं. लख्ख उजेड होता, ओळखीची पायवाट होती, दोन्ही बाजूंना आमचेच दगडी गडगे. पण गावात आवाज नव्हता. माणसं नाहीत म्हणजे आवाज नसणारच, हे मी मनाला समजावत होते. मग लक्षात आलं की पाखरंही बोलत नव्हती. रहाट नाही, कुत्रं नाही, कोंबडा नाही, आणि झाडावर कावळा बसलेला दिसतोय पण तोही गप्प. देवळात पूजा चालू असताना आपण उशिरा पोचलो की कसं वाटतं, तसं मला वाटलं.

पहिलं घर काशीकाकीचं. ओढून घेतलेलं दार उघडं होतं. खळ्यात, तिने नीट रचलेल्या गवताच्या उडवीशेजारी, रानडुकरीण पोरांना घेऊन आडवी पडली होती. एरवी डुक्कर म्हटलं की नासधूस. इथे उडवीची एक काडी हलली नव्हती. ओसरीवर घोरपड पसरली होती. आणि दाराशी, काकी रोज दुपारी पाय पसरून सुपारी चघळत बसते त्याच जागी, एक म्हातारी वानरीण बसली होती. पाय तसेच पसरलेले. मी तोंडातून "काकी" काढायचंच बाकी होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. दात विचकले नाहीत, पळालीही नाही. दुपारच्या वेळी अनोळखी बाई दारावरून जायला लागली की आपण कसं बघतो, ही कोणाकडची, काय काम काढलं असेल, तसं तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी मान खाली घातली आणि पुढे निघाले.

गुरवाच्या विहिरीवर मोर आणि लांडोरी होत्या. पाटलांच्या पडवीत उदमांजर झोपाळ्यावर गोल झोपलं होतं. खालच्या वाडीतल्या मेस्त्रींच्या अंगणात दोन गवे उभे होते, डोंगराएवढे. अंगणात पापड वाळत घातलेले राहून गेले होते. गवे त्यांच्या कडेकडेने पाय टाकत होते. घरोघरी कोणी ना कोणी होतं, आणि प्रत्येक जण आपापल्या घरी असल्यासारखा होता. मला रडू येत होतं, पण भीतीने नव्हे. माझ्या गावात मीच चोरासारखी शिरले आहे असं वाटून मला लाज वाटत होती. चुकून वाटेवरचा दगड पायाने सरकला, तर मी वाकून तो परत होता तिथे ठेवला.

मग आमचं घर आलं.

आमच्या अंगणात गर्दी होती. तुळशीपुढे, फणसाखाली, पायऱ्यांवर, गडग्यावर, सगळीकडे जनावरं बसली होती. वानरं, भेकरं, ससे, एक कोल्हीण, पंख मिटलेलं घुबड. तुळशीच्या सावलीत वाघरू, म्हणजे बिबट्या, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता, आणि त्याच्या शेपटीपासून हाताभर अंतरावर भेकराचं पाडस. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते. दारावर ते पितळी कुलूप उन्हात चमकत होतं. दुसऱ्यांच्या घरी सगळं सुरू झालेलं आणि हे अजून दारात ताटकळलेले. किती वेळचे, कोण जाणे.

आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, फणसाखाली, माझी तांबू उभी होती. तिच्या पायाशी ओलं, थरथरतं वासरू.

मी नियम विसरले. धावले. वाकून आधी शेपूट वर केलं. पाडी! तांबूसारखीच तांबडी, कपाळ कोरं, फक्त डावा कान पांढरा, चुन्यात बुडवून काढलेला. मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. चार वर्षांत मी इतकी सुखावले नव्हते. पदराने तिचं तोंड पुसलं आणि तिला दोन्ही हातांत उचललं.

वानरं, भेकरं, ससे, सगळी उठून उभी राहिली. गुरगुर नाही, फुत्कार नाही. नुसतीच उभी राहिली. वाघराने हनुवटी उचलली. आणि आता कोणी दाराकडे बघत नव्हतं, सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी पाडी खाली ठेवली.

तेव्हा मला कळलं. अक्कल यायला अशी वेळ यावी लागते. कमरेला खोचलेल्या किल्ल्या मी काढल्या. पायऱ्यांवरची वानरं सरकली आणि त्यांनी मला वाट दिली. कुलूप नवीन, किल्ली फिरेना. शेवटी खटकन उघडलं. मी दार लोटलं, गोठ्याचंही कुलूप काढून लोटलं, आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

ते आत गेले. ढकलाढकली नाही. आधी म्हातारी वानरं, मग पोरं पोटाशी धरलेल्या वानरिणी, मग भेकरं, कोल्हीण, ससे. माझ्या लुगड्याला त्यांच्या अंगाची लव लागत होती. सगळ्यात शेवटी वाघरू उठला, आळस दिला, आणि माझ्या समोरून, मला बघितलं न बघितलं करून, उंबरा ओलांडून गेला. त्याच्या मागे माझी पाडी.

तिचे पाय अजून नीट टेकत नव्हते. पायरीवर ती गुडघ्यांवर पडली. मी पुढे झाले, तोवर तीच उठली. उंबऱ्याशी परत अडखळली, परत उठली आणि आत गेली. मी तांबूकडे पाहिलं. आई आहे, हंबरेल, धावेल, आणि तिला वळवून आणेल. तांबूने एकदा दाराकडे मान वळवली, नाक फेंदारून वास घेतला, आणि वहाळाच्या वाटेला लागली. मालकाने हाकावं आणि गुरं निघावीत तशी निमूट.

मी उंबऱ्याशी गेले. माझंच घर. रोज शेणाने सारवलेला माझाच उंबरा. आत काळोख होता आणि त्या काळोखात डोळे होते, खाली, वर, माळ्यावर, देवघराच्या फळीशी. ओल्या केसांचा ऊबदार वास येत होता. पाय उचलला आणि तसाच धरून राहिले. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या घराच्या दारात, कोणीतरी "ये आत" म्हणेल म्हणून थांबले.

कोणी म्हटलं नाही. मी पाय मागे घेतला.

वहाळाशी मामांनू अजून वाकलेलेच होते. तांबू त्यांच्या शेजारून पाणी उडवत गेली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. तिचं रिकामं पोट पाहिलं, मग माझे रिकामे हात.

"पाडो?"

"पाडी," मी म्हटलं, आणि मला हुंदका फुटला. "पाडी होती, मामांनू. जिती आसा. ती... ती आत गेली. तेंच्यावांगडा."

ते काठावर बसले. मला वाटलं होतं की ते समजूत घालतील, दुसरी होईल म्हणतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"दार उघडलंस?"

"उघडलंय."

"मगे झाला," ते म्हणाले. "लोकांका वाटता आमी तेंका तीन दिस गाव देतोंव. आमचे उपकार! अगो, गाव तेंचो. डोंगर तेंचो, व्हाळ तेंचो. तीन दिस सोडून बाकीचे दिस ते आमका देतत. माझ्या बापाशीन माका सांगल्यान, आता मी तुका सांगलंय. दार बंद केला तर तेंनी कसा समजूचा? आमी सौदो मोडलो असाच ना?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. आधी कधी ठेवला नव्हता. "तुझ्या पाडयेन भरपाई केल्यान. तिका वायट होवचा नाय. पण ती आता आमची नाय."

दुसऱ्या दिवशी देवाने कौल दिला आणि आम्ही परतलो. घरात काही म्हणजे काही विस्कटलेलं नव्हतं. भाताची कणगी तशीच, देवाच्या पुढ्यातलं खोबरंसुद्धा तसंच. फक्त माझ्या गोधडीच्या मधोमध एक खळगा होता, आणि हात ठेवला तर तो अजून गरम होता. पाडी कुठे नव्हती. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. रमाकांत कुलपं शोधत फिरले. ती मी येताना वहाळात टाकली होती, किल्ल्यांसकट. "तुझ्या वेडापायी वासरू गेलं," असं ते मुंबईला जाईपर्यंत रोज ऐकवत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तांबू एकदाही हंबरली नाही. वासरू गेलेली गाय पान्हा चोरते, लाथा मारते, अन्न टाकते. हिचं काहीच नाही. फक्त पहाटे मी तांब्या घेऊन गोठ्यात जावं, तर तिची कास रिकामी असे, आणि सडांवर ओला फेस. पुढच्या रात्रीसाठी मी गोठ्याचं दार ओढून घेई, कडी न लावता. ती आटेपर्यंत त्या दुधाचा थेंब आम्ही घेतला नाही. मामांनू चहा काळाच प्यायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, डॉक्टरांनी दूध बंद केलंय म्हणून.

तिसऱ्या वर्षी मला नितीन झाला. पुढे मामांनू गेले. गावात दिवे आले, डांबरी आली, आणि त्याच डांबरीवरून माणसं मुंबईला गेली. आधी पोरगे, मग त्यांच्या बायका, मग म्हातारेही. घरोघरी कुलपं आली. आता बंद घरांना कुलूप लावू नको म्हणून कोण कोणाला सांगणार? गुरांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा जाणारे दावी सोडून देत आणि मागे न बघता यष्टीत बसत. कुत्री यष्टीमागे वळणापर्यंत धावत आणि तिथे उभी राहत. माणूस गेला तसं रान खाली उतरलं. वानरांनी नारळ ठेवले नाहीत, डुकरांनी भात ठेवलं नाही, म्हणून उरलेल्यांनी शेती सोडली, आणि शेती सुटली म्हणून तेही गेले. पूर्वी वानरांनी आमच्या तोंडचं असं कधी नेलं नव्हतं. तीन दिवसांचा सौदा मोडला होता, मग बाकीच्या दिवसांचा तरी त्यांनी का पाळावा?

गावपळण मात्र आम्ही मूठभर उरलो तरी सोडली नाही. आणि दर खेपेला मला एक दिसू लागलं. आम्ही खालच्या उताराने बाहेर पडत असू तेव्हा वरच्या उताराने ते आत जात. उजेडी, सगळ्यांच्या देखत. वानरं, डुकरं, भेकरं. मग त्यांच्यात कुत्री दिसू लागली. मेस्त्रींचा लंगडा मोत्या मी ओळखला, त्याने मला ओळख दिली नाही. मग गुरं. पाटलांचे टाकलेले बैल, गुरवाची भाकड म्हैस. आणि सगळ्यांच्या पुढे एक तांबडी गाय, डावा कान पांढरा. पुढच्या खेपेला तिच्यामागे दोन पांढरे कान. मग पाच. मग मोजायचं सोडून दिलं. सासरी माझं काही नव्हतं म्हणून मी रडायचे. वहाळापलीकडे माझं खिल्लार वाढत होतं.

गेल्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. नितीन मला न्यायलाच आला होता. "एवढी गावपळण झाली की घर बंद करू, आई. चल डोंबिवलीला. आता पुढच्या खेपेला इथून निघायला तरी कोण उरणार?" बरोबरच होतं त्याचं. आम्ही जेमतेम दोन चुलींपुरते उरलो होतो, आणि बाकी मुंबईहून मोबाइल घेऊन फोटो काढायला आलेली पोरं. आम्ही बाहेर पडून वाळूत बसलो, आणि वरच्या उताराने ते उतरू लागले. पोरांनी मोबाइल उचलले.

"आई, ही कोणाची गुरं?" नितीनने विचारलं. "सगळ्यांचे डावे कान पांढरे कसे?"

"आपलीच," मी म्हटलं.

ती गुरं पाण्यात उतरली आणि मध्यावर थांबली. त्यांच्यामागे डुकरं थांबली, वानरं थांबली. सगळ्यांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं. मला पुढच्या गाईचं तोंड ओळखू येत होतं, थेट तांबूचं तोंड. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मग नितीनचा हात माझ्या दंडात रुतला. "आई! आई, खंय चाललंस?" तो घाबरला की मालवणीवर येतो. मी खाली पाहिलं, तर लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मी कधी उठले, कधी चालू लागले, मला कळलंच नव्हतं. अलीकडच्या काठावरून सगळे मला हाका मारत होते. पाण्यातून कोणी हाक मारत नव्हतं, ते फक्त थांबले होते.

नितीनने मला ओढून काठावर आणलं, तेव्हा ते पाणी ओलांडून गावात गेले.

आता मी डोंबिवलीत असते. तिसरा मजला, दाराला दोन कड्या आणि एक साखळी. सून भली आहे, वेळेवर चहा देते. गुरवाच्या मुलाने कौल लागला की फोन करायचं कबूल केलंय. गाडीची वेळ मी विचारून ठेवली आहे. नितीनला यातलं काही सांगितलेलं नाही.